कोरा बुधवार

"प्रत्येकी पाच टिकल्या. ज्या चित्रातली गोष्ट हवीशी वाटेल त्याखाली लावायच्या. पाचही एकीकडेच लावल्या तरी चालेल."

लुवेनिया थार्प दारातल्या टेबलामागून हे चाळिसाव्यांदा सांगत होती आणि हिरव्या गोल टिकल्यांची पट्टी पुढे करत होती. समोरच्या तरुणाच्या हातात कुत्र्याची साखळी होती आणि कुत्र्याचे पाय क्रीडाकेंद्राच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर घसरत होते. तिच्या लहानपणी या जमिनीवर रस्त्यावरचे बूट घेऊन कुणी आलं तर त्याची धडगत नसे. आता तीच फाउंडेशनच्या वतीनं दारात बसली होती, आणि फाउंडेशनचं काम हसतमुखानं करायचं असतं. ती त्या तरुणाकडे पाहून हसली. कुत्र्याकडेही पाहून हसली.

बागांमधलं गवत कापायचं काम नगरपालिकेचं. झोपाळे, पोहण्याचे वर्ग, पोरांची उन्हाळी शिबिरं, म्हाताऱ्यांची कवायत हे सगळं मात्र फाउंडेशननं देणग्या जमवून करायचं, अशी आमच्या शहरातली वाटणी आहे. लुवेनिया तिथे एकोणीस वर्षं कारकून होती. यंदा एका देणगीदारानं हेझल स्ट्रीटच्या बागेचा पूर्वेकडचा तुकडा नव्यानं करून द्यायचं कबूल केलं होतं. तिथे काय करायचं ते मात्र वस्तीनं ठरवावं, असा त्याचा आग्रह होता. म्हणून ही सभा, भिंतीशी उभे केलेले चार फळे आणि या टिकल्या. पहिल्या फळ्यावर कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणाचं चित्र होतं, दुसऱ्यावर लहान मुलांसाठी कारंजी, तिसऱ्यावर टेनिसचं मैदान. चौथ्यावर होता नालांचा आखाडा.

तो आखाडा तेव्हा तिथे होताच. चिकणमातीचे दोन खड्डे, प्रत्येकात एक लोखंडी खुंट, मधे चाळीस फूट अंतर. एका टोकाला उभं राहून घोड्याची नाल अशी फेकायची की ती पलीकडच्या खुंटाला जाऊन बिलगावी. चौथा फळा लुवेनियानं स्वतः बनवला होता. 'आहे तो आखाडा दुरुस्त करून वर छप्पर' असं तिनं आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, कारण तो आखाडा तिच्या वडिलांचा होता. कागदोपत्री नव्हे. पण सीफस थार्प चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि गेली पन्नास वर्षं त्या मातीची निगा दुसऱ्या कुणी राखली नव्हती.

सहा वाजत आले तरी चौथ्या फळ्याखाली तीनच टिकल्या होत्या, आणि त्याही एका कनवाळू बाईनं फळा रिकामा दिसतो म्हणून लावलेल्या. आलेले सगळे जुन्या सूतगिरणीतल्या नव्या फ्लॅटांमधले होते. माणसं भली होती, टिकल्या नीट रांगेत लावत होती. पण हेझल स्ट्रीटवरचं कुणी नाही, पाइन स्ट्रीटवरचं नाही, डॅडी नाहीत, त्यांचे खेळातले जोडीदार नाहीत. दिव्याच्या प्रत्येक खांबावर लुवेनियानं स्वतः कागद चिकटवला होता. डॅडींच्या फ्रिजवरसुद्धा एक लावला होता. ती जरा वैतागली. एरवी तक्रारी करायला सगळे पुढे, असं तिच्या मनात आलं, आणि वारा घ्यायला म्हणून ती दारात गेली.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, माउंट नेबो चर्चचं आवार गाड्यांनी भरलं होतं. डॅडींचा खेळातला जोडीदार प्रेस्टन, त्याचा जुना पिकअप फाटकाशी थांबला. त्यातून डॅडी उतरले; ते या चर्चचे डीकन, म्हणजे प्रार्थना आणि कारभार सांभाळणाऱ्यांपैकी एक. त्यांनी बायबल काखेत धरलं, हॅट सारखी केली आणि क्रीडाकेंद्राच्या उजळलेल्या खिडक्यांकडे एकदा पाहून ते पायऱ्या चढून आत गेले.

बुधवार होता.

बुधवारी संध्याकाळी आमच्या या कृष्णवर्णीय वस्तीत प्रार्थनासभा असते. तिन्ही चर्चमध्ये, एकाच वेळी, आमच्या आज्या मुली होत्या तेव्हापासून. त्या संध्याकाळी इथे कुणी वाढदिवस करत नाही, कुणी पाहुण्यांना बोलावत नाही, न्हावीसुद्धा पाचला दुकान ओढून घेतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लुवेनियालाही कुणी शिकवलं नव्हतं; तीस वर्षं ती त्याच चर्चमध्ये दर बुधवारी दुसऱ्या ओळीत उभी राहून खालच्या पट्टीत गात आली होती.

मग तिचा नवरा थिओ गेला. पहिल्या बुधवारी तिला बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या बुधवारी पाऊस होता. ती देवावर रागावली नव्हती, तसं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्या बाकावर आपल्या शेजारची जागा रिकामी पाहायची तिची तयारी नव्हती, इतकंच. असे आठवड्यामागून आठवडे गेले आणि तीन वर्षं झाली. बुधवारची संध्याकाळ ती घरी टीव्हीसमोर बसून काढू लागली आणि पुढेपुढे तो दिवस इतर दिवसांसारखाच होऊन गेला. तीन आठवड्यांपूर्वी नव्या संचालिकेनं, मेरेडिथनं, सभेसाठी दिवस विचारला तेव्हा लुवेनियानं क्रीडाकेंद्राची वही उघडली. सोमवारी कराटे, मंगळवारी पत्ते, गुरुवारी बास्केटबॉल, शुक्रवारी नाच. बुधवारचा रकाना कोरा होता. वर्षानुवर्षं कोराच असायचा, का ते तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? पण तिनं पेन उचललं आणि तिथे लिहून टाकलं.

आता ती रस्त्याच्या कडेला उभी होती. चार पावलं गेलं की चर्चचं फाटक. आत जाऊन दोन शब्द सांगितले असते तर अर्धी सभा उठून टिकल्या लावायला आली असती. ती फुटपाथवरून उतरलीसुद्धा. पण तीन वर्षांत ज्या दारात पाऊल टाकलं नाही तिथे आज कामापुरतं कसं जायचं, या विचारानं तिचे पाय थबकले. तेवढ्यात आतून मेरेडिथनं हाक मारली, टिकल्या संपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे कामावर जाण्याआधी वडिलांकडे न्याहारी करायला गेली. स्वयंपाकघरात प्रेस्टन कॉफी घेऊन बसला होता. बाहत्तर वर्षांचा हा गृहस्थ, पण त्याचा बापही प्रेस्टनच असल्यामुळे वस्तीत त्याला अजून धाकला प्रेस्टन म्हणतात. कुत्र्यांचं कुंपण जिंकलं ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. लुवेनिया शेगडीकडे तोंड करून मक्याची लापशी ढवळत राहिली.

"मुद्दाम केलंय," धाकला प्रेस्टन म्हणाला. "ह्या बागेतला जुना पोहण्याचा तलाव बुजवला तेव्हाची सभापण बुधवारीच होती. माझा बाप सांगायचा. ह्यांना बरोबर ठाऊक असतं आपण कधी कुठं बसलेलो असतो ते."

डॅडींनी पावासारखं मऊ बिस्किट मोडून सिरपात बुडवलं.

"विचारायचं पण, आणि उत्तर यायला नको अशी सोय पण करायची. काय डोकं आहे! ते काही नाही, मी आता सगळ्यांना सांगणार. ह्यांच्या उन्हाळी शिबिरात ह्या वस्तीतलं एक पोर जाणार नाही. बघू दे त्यांच्या देणगीदारांना रिकामी मैदानं."

"वीनीला त्यात ओढू नकोस," डॅडी म्हणाले. "ती तिथं नोकरीला आहे. ती काय करणार?"

त्यांनी हे फार मायेनं म्हटलं. लुवेनियानं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिनं लापशी वाढली, लोणी घातलं आणि सॉसेज जरा करपलं म्हणून उगाचच क्षमा मागितली. खाऊन झाल्यावर दोघं म्हातारे आखाड्याकडे गेले. सकाळी तिथे पहिल्यांदा मातीचं काम असे. खड्ड्यातली चिकणमाती रोज फावड्यानं खालीवर करावी लागते, पाणी शिंपडून मऊ ठेवावी लागते, मग झाकावी लागते. नाहीतर ती वाळून दगड होते आणि नाल पडल्यावर उसळून भलतीकडेच जाते. ही माती डॅडींनी वीटभट्टीवर कामाला असताना मालकाला विचारून स्वतःच्या गाडीतून आणली होती. तेव्हा नाल फेकणारे तीस जण होते. आता चार उरले होते, आणि चौघांपैकी एकाला खुंट दिसत नसे, तो आवाजावर फेकी.

त्याच सकाळी लुवेनियानं मेरेडिथला मात्र सगळं सांगितलं. मेरेडिथ गोरी, दूर उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनची, चौतीस वर्षांची, आमच्याकडे येऊन आठ महिने झालेले. बाई वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे वस्तीत तिच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला. हे मला आधी कुणी कसं सांगितलं नाही, असं तिनं विचारलं.

"सांगायला मीच होते," लुवेनिया म्हणाली. "त्यासाठीच तर मी इथे आहे."

मेरेडिथनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. तिनं देणगीदाराच्या कचेरीला फोन केला. तिकडून उत्तर आलं की आराखडा या महिन्यात मंजूर झाला नाही तर देणगी दुसऱ्या शहराला जाईल. तिनं विश्वस्तांना विचारलं. ते म्हणाले की चाळीस माणसांनी वेळ काढून मत दिलं, त्यांना आता काय सांगायचं? थार्पसाहेबांनी मंडळापुढे येऊन दोन मिनिटं बोलावं, असा निरोप आला. लुवेनियानं तो घरी पोहोचवला. दोन मिनिटांत काय सांगू, असं म्हणून डॅडींनी विषय संपवला. नदीपलीकडच्या बागेत नवे खुंट ठोकून द्यायची तयारीही फाउंडेशननं दाखवली. ती बाग चार मैलांवर होती आणि धाकल्या प्रेस्टनला डॉक्टरांनी गाडी कमी चालवायला सांगितलं होतं.

शेवटी मेरेडिथनं दिलगिरीचं पत्र लिहायला घेतलं. सभेचा दिवस ठरवताना संस्थेकडून चूक झाली, असं त्यात होतं.

"यात तुमचं नाव यायचं कारण नाही, मिस लुवेनिया," ती म्हणाली. "चूक संस्थेची. तुम्हाला त्याच लोकांत राहायचं आहे."

लुवेनियानं पत्र टाइप केलं, प्रती काढल्या आणि खांबाखांबावर नेऊन लावल्या. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर लावत आपण गल्लीगल्लीतून हिंडतो आहोत, हे तिला कळत होतं. पण सुटल्यासारखंही वाटत होतं. तेही खरं आहे, आणि खरं आहे ते लिहायलाच हवं.

पत्राचा परिणाम उलटाच झाला. चूक करायची आणि काम साधल्यावर दिलगिरी चिकटवायची, ही यांची जुनी रीत, असं धाकला प्रेस्टन न्हाव्याच्या दुकानात बसून सांगू लागला, आणि त्याचं म्हणणं लोकांना पटलं. मे महिन्यात उन्हाळी शिबिराची नावनोंदणी सुरू झाली. दरवर्षी पहिल्या शनिवारी टेबलासमोर आयांची रांग लागते. जून ते ऑगस्ट मुलं दिवसभर तिथे खेळतात, पोहतात, दुपारी जेवतात, आणि आया निर्धास्तपणे कामावर जातात. त्या शनिवारी लुवेनिया नऊ ते बारा टेबलामागे बसली आणि कुणी आलं नाही. पुढच्या शनिवारी रोशेल दिसली. ही इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन लहान मुलींची आई. धाकटी मुलगी टेबलावरचा शहरातल्या पोहण्याच्या तलावाचा फोटो पाहून थांबली. रोशेलनं तिचा हात धरून पुढे ओढलं.

"मुलींना कुठं ठेवणार गं मग?" लुवेनियानं न राहवून विचारलं.

"बघीन काहीतरी," रोशेल म्हणाली. "डीकन थार्पसारख्या माणसाला जे असं वागवतात त्यांच्या दारात मी नाही पोरींना पाठवणार. तुमचेच वडील आहेत ना, मिस लुवेनिया?"

त्या रात्री रोशेल मुलींना कुठे ठेवेल, याचाच विचार लुवेनियाच्या डोक्यात घोळत राहिला. आखाडा तर गेलाच होता. आपलं नाव झाकलेलं राहावं म्हणून आता या मुलींचा उन्हाळाही जाणार होता.

बुधवारी साडेपाचला ती कचेरीतून निघाली आणि घरी न जाता माउंट नेबोच्या पायऱ्या चढली. शेवटच्या बाकावर, भिंतीशी बसली. दोन-तीन माना वळल्या, कुणीतरी तिच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. डॅडी पुढच्या बाकावर, डीकन लोक बसतात तिथे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या शेजाऱ्यानं त्यांच्या कानात काही सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे जरासे ताठ झाले.

प्रार्थनेनंतर साक्ष द्यायची वेळ असते. ज्याच्या मनात असेल त्यानं उभं राहून बोलायचं. कुणी दुखणं बरं झाल्याचं सांगतं, कुणी मुलाला नोकरी लागल्याचं. धाकल्या प्रेस्टननं नातवाच्या परीक्षेबद्दल आभार मानले आणि जाता जाता फाउंडेशनला एक टोला हाणून घेतला. पास्टरनी आणखी कुणी आहे का विचारलं. लुवेनिया उभी राहिली.

"मी लुवेनिया. डीकन सीफस थार्पची मुलगी," ती म्हणाली. हे सांगायची काही गरज नव्हती, अर्ध्या बायांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "बागेच्या सभेचा दिवस फाउंडेशननं ठरवला नव्हता. मी ठरवला. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता. वहीत बुधवार मोकळा दिसला आणि मी लिहून टाकलं. तुम्ही सगळे त्या वेळी इथं असता, हे मला आठवलंच नाही. पत्रात माझं नाव नव्हतं, ते मी चालवून घेतलं. दुसरं कुठलं कारण असतं तर सांगितलं असतं. कारण एवढंच आहे."

साक्ष संपली की लोक आमेन म्हणतात. कुणी म्हणालं नाही. पंखे थांबले होते. लुवेनिया उभीच राहिली, कारण बसायचं कसं ते तिला कळेना. बऱ्याच वेळानं मधल्या रांगेतल्या नव्वदीच्या सिस्टर आयोला हळूच म्हणाल्या, "बस, बाळ."

"म्हणजे मी महिनाभर त्या बिचाऱ्या गोऱ्या पोरीला शिव्या घालतोय," धाकला प्रेस्टन म्हणाला. "त्या आता परत कशा घ्यायच्या?"

"बाहेर जाऊन घे, प्रेस्टन," पास्टर म्हणाले. "इथे गीत होऊ दे."

गीत डीकनांपैकी कुणीतरी सुरू करायचं असतं. एकानं ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत गायची. त्या महिन्यात पाळी डॅडींची होती. ते उठले नाहीत. शेजारच्या डीकननं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यानंच ओळ उचलली. लुवेनियाला ते गीत पाठ होतं. तिनं पुठ्ठ्याचा पंखा मांडीवर ठेवला आणि ते नुसतं ऐकलं.

सभा सुटल्यावर डॅडी प्रेस्टनच्या गाडीत बसले नाहीत. आज चालत जातो म्हणाले. लुवेनिया त्यांच्या मागे निघाली, मग शेजारी आली. ऊन उतरलं होतं, पण चांगलाच उजेड होता. ओसरीवर बसलेले लोक हात करत होते आणि डॅडी प्रत्येकाला हॅटला बोट लावून उत्तर देत होते. दोघं पाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत आले.

"फ्रिजवर तू कागद लावलास ना," ते कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "तो मी त्याच दिवशी वाचला होता. बुधवार. मला वाटलं, माझी पोर बोलली असणार. बुधवारी आमची माणसं येत नाहीत, असं तिनं सांगितलं असणार आणि त्या लोकांनी ऐकलं नसणार. म्हणून मी तुला एका शब्दानं विचारलं नाही. म्हटलं, आधीच तिला लागलं असेल."

"डॅडी, मी..."

"नालांचं जाऊ दे. चार जण उरलोय आम्ही, त्यातला एक आंधळा. अजून दोन-चार वर्षांनी ते खड्डे आपोआपच बुजले असते. त्याचं मला नाही काही." त्यांनी दम घेतला. "तीन वर्षं तू चर्चला आली नाहीस. मी कधी म्हटलं, ये म्हणून? माणसाला लागतो वेळ. मी तिथं बसायचो आणि मला वाटायचं, नसेल येत, पण आत्ता सहा वाजले, डॅडी बाकावर बसले असतील, एवढं तरी तिच्या मनात येत असेल. दर बुधवारी मला तसं वाटायचं, वीनी."

ते पुढे चालू लागले. लुवेनिया कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला धरून रडली, रस्त्यात, लोकांच्या ओसऱ्यांसमोर. थिओ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. त्याचा तिनं स्वतःला विसर पडू दिला नव्हता. आणि तेवढ्या काळात जिवंत माणूस मात्र विसरला गेला होता.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी रोशेलनं दोन्ही मुलींची नावं लिहून दिली. तिच्यामागे आणखी सात-आठ जणी आल्या, आणि शिबिर एकदाचं भरलं. लुवेनियाच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पाठीमागे बोलले असतील, तर ते तिनं ओढवून घेतलेलंच होतं. ती बुधवारी मागच्या बाकावर बसू लागली. सकाळची न्याहारी करायला जाणंही चालू राहिलं. डॅडी 'लोणी दे', 'पाऊस येणार' इतपत बोलत. पूर्वी ताट उचलताना ते तिच्या खांद्यावर हात ठेवत, तो आता ठेवत नसत.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी आखाडा खणायला यंत्र येणार होतं. तारीख लुवेनियाच्याच टेबलावरून गेली होती. शनिवारी चौघांनी शेवटचा डाव खेळला, आवाजावर फेकणारा म्हातारा जिंकला, आणि प्रेस्टननं सगळ्या नाला एका पोत्यात भरून नेल्या. ते तिनं दुरून पाहिलं, जवळ जायचा तिला धीर झाला नाही.

सोमवारी ती सातला वडिलांकडे गेली तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि कॉफीचा कप विसळून ठेवला होता. ती तशीच बागेकडे गेली. पिवळं यंत्र कुंपणाबाहेर येऊन उभं होतं. तीन कामगार त्याच्या सावलीत सँडविच खात होते, काम आठला सुरू व्हायचं होतं. आत डॅडी होते. एका खड्ड्याची माती त्यांनी केव्हाच खालीवर केली होती. दुसऱ्यात ते पाय फाकवून उभे होते, फावडं मारत होते, मधेच थांबून छाती भरून श्वास घेत होते. ढेकळं फुटल्यावर त्यांनी पाण्याचा पाइप ओढून आणला, तोटीवर अंगठा दाबला आणि सावकाश, कडेकडेनं, कुठेही थारोळं होऊ न देता पाणी शिंपडायला लागले. माती गडद झाली. त्यांनी वाकून बोटानं दाबून पाहिली आणि आणखी थोडं शिंपडलं.

लुवेनिया कुंपणाच्या फाटकातून आत आली.

"डॅडी, तासाभरात ते सगळं खणून काढणार आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

"मग खणणाऱ्याला माती मऊ लागेल," ते म्हणाले.

त्यांनी पाइप बंद केला, गुंडाळून खुंटीला अडकवला आणि खाली पडलेली ताडपत्री उचलली. ती दोघांनी मिळून पसरायची, एकट्याला जड. ते एक टोक धरून थोडा वेळ उभे राहिले. प्रेस्टन येईल म्हणून वाट पाहत असावेत, किंवा तो आज येणार नाही हे आठवत असावेत.

"पलीकडचं टोक धर," ते लुवेनियाला म्हणाले.

तिनं हातातली पर्स गवतावर ठेवली, कामाच्या कपड्यांचा विचार न करता गुडघ्यावर बसून टोक धरलं, आणि दोघांनी ताडपत्री खड्ड्यावर ताणून चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.